ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नको

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट निश्चित जाणवली असेल. तेथे घाई पुष्कळ असते, परंतु ती घाई नियमांच्या चौकटीत चालते. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेने उभे राहतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, कांदा हातात घेऊन पाहतात. बोली सर्वांसमक्ष उच्चारली जाते, चढ्या बोलीचा आकडा कागदावर उतरतो, वाहन भुईकाट्यावर जाते, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा होतो आणि अखेर शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी येते. भाव पडलेला असला तर शेतकरी हळहळतो, चिडतो, प्रसंगी लिलावही बंद पाडतो. परंतु तो भाव कसा ठरला, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलेले असते.

पूर्वी असे नव्हते. नियमित बाजार समित्या अस्तित्वात येण्यापूर्वी अनेक बाजारपेठांतून 'हत्ता' पद्धत चालत असे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. ज्याने वर्षभर राबून माल पिकविला, तो शेतकरी बाजूला उभा राहून केवळ तो रुमाल पाहत असे. पुढे कायदा झाला, बाजार समित्या आल्या, रुमाल गेला आणि उघडा लिलाव आला. लासलगावची समिती १९४७ साली, म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याच्याच वर्षी स्थापन झाली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कारण स्वतंत्र देशाने आपल्या नागरिकास जे अभिवचन दिले, त्याचा गाभाही हाच आहे: तुमच्याविषयीचा निर्णय रुमालाखाली होणार नाही.

बाजारात जी गोष्ट कांद्याच्या भावाची, तीच न्यायालयात माणसाच्या जिवाची आणि स्वातंत्र्याची. आरोप काय आहे हे आरोपीस कळले पाहिजे. त्याचे म्हणणे कोणीतरी मांडले पाहिजे. पुरावा उघडपणे पुढे आला पाहिजे. साक्षीदारास प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि निर्णय अशा व्यक्तीने दिला पाहिजे, जिला त्या प्रकरणात स्वतःचा काही स्वार्थ नाही. यालाच कायद्याची उचित प्रक्रिया असे म्हणतात. ही प्रक्रिया म्हणजे गुन्हेगारास सुटण्यासाठी ठेवलेली पळवाट होय, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. आम्हांस तो घातक वाटतो. तो का घातक आहे, हे आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका खटल्याने देशाला दाखवून दिले आहे.

सोळा वर्षांची किंमत

जून २००३ मध्ये नाशिक परिसरातील एका कष्टकरी कुटुंबाच्या घरावर रात्रीच्या वेळी दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, दोघे गंभीर जखमी होऊन कसेबसे वाचले. जिल्हा हादरला. गुन्हेगार ताबडतोब पकडले जावेत आणि त्यांना फाशी व्हावी, ही भावना सर्वदूर होती, आणि ती स्वाभाविकही होती. पुढे पोलिसांनी सहा जणांना अटक केली. ते भटक्या जमातीतील, मोलमजुरी करून जगणारे, अत्यंत गरीब लोक होते.

२००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन न्यायालयांनी प्रकरण तपासले होते. सामान्य माणसाच्या दृष्टीने विषय संपला होता.

परंतु तो संपलेला नव्हता. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून असे कळविले की, काही कैद्यांना फाशी देताना ज्या जुन्या निकालाचा आधार घेतला गेला, तो निकालच चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्वतः मान्य केले आहे. त्या कैद्यांत हे सहा जणही होते. यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे निष्पन्न झाले. ज्याला बालन्याय कायद्याने फाशी देताच येत नव्हती, तो वर्षानुवर्षे फाशीचा कैदी म्हणून तुरुंगात होता! २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला पूर्वीचा निकाल मागे घेऊन अपिलांची नव्याने सुनावणी करण्याचे ठरविले, आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले.

निकालात उघड झालेली एक बाब प्रत्येक नागरिकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीला घटनेनंतर लगेच पोलिसांनी सराईत गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली होती. त्यांतून तिने चार जणांना ओळखले होते आणि तिचा जबाबही नोंदला गेला होता. ते चौघे म्हणजे हे सहा जण नव्हेत. त्या चौघांचा पुढे तपास झाला नाही, त्यांच्यावर खटलाही चालला नाही, आणि ही महत्त्वाची माहिती न्यायालयासमोर जशी यावयास हवी होती तशी आली नाही. रुमाल पुन्हा पसरला गेला होता; या वेळी त्याखाली सहा माणसांचे प्राण होते.

केवळ खटलाच नव्हे, तर तपासही निष्पक्ष असणे हा संविधानाने दिलेला हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हे लोक समाजाच्या तळच्या थरातील, भटक्या जमातीचे व गरीब असल्यामुळे त्यांना खोटे गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही म्हटले. राज्य सरकारने प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई द्यावी आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करावी, असा आदेश झाला. पाच लाख रुपये! सोळा वर्षांच्या तारुण्याचा, वाट पाहून थकलेल्या आईबापांचा, बापाविना वाढलेल्या लेकरांचा हिशोब कोणत्या पट्टीवर मांडावयाचा?

आणि हिशोबाची दुसरी बाजू आपण सहसा पाहतच नाही. ज्या कुटुंबावर तो अघोरी प्रसंग ओढवला, त्याला काय मिळाले? सहा निरपराध माणसे तुरुंगात असताना खरे गुन्हेगार मोकळे राहिले. उचित प्रक्रिया डावलल्याने आरोपींवर अन्याय झालाच, परंतु पीडितांवर दुसऱ्यांदा अन्याय झाला. आमच्या मते या खटल्याचा सर्वांत मोठा धडा हाच होय. आरोपीचा हक्क आणि पीडिताचा हक्क एकमेकांविरुद्ध उभे आहेत, असे आपणांस सतत सांगितले जाते. वस्तुतः दोघांचाही आधार एकच असतो, आणि तो म्हणजे सत्य. प्रक्रिया हा सत्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता आहे. रस्ता सोडून धावणारा लवकर पोहोचत नाही, तो भलतीकडेच पोहोचतो.

जन्मजात गुन्हेगार?

सहा जणांवर संशय इतक्या सहजपणे का चिकटला असावा? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यान्वये संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत. व्यक्तीने काय केले हे पाहण्याची आवश्यकताच उरली नाही. ती कोणाच्या पोटी जन्मली, एवढे पुरेसे झाले. पोलिसांकडे हजेरी लावावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असे निर्बंध लादले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, परंतु नजर गेली काय? गावाबाहेर पाल पडले की आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

त्या नजरेचे भयंकर रूप १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात दिसले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारचा आठवडे बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले निरपराध लोक होते. त्यांना कोणी विचारले असते, तुम्ही कोण, कोठून आलात, कागद दाखवा, तर उत्तर देण्यास पाच मिनिटे पुरली असती. त्याच दिवशी रात्री आपल्या मालेगावातही अशाच अफवेने एका कुटुंबास जमावाने घेरले होते. पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना वाचविले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अफवेचेच बळी ठरले. मरणारा कोणत्या धर्माचा वा जमातीचा, हे प्रत्येक वेळी निराळे होते. एक गोष्ट मात्र तिन्ही ठिकाणी समान होती: ऐकून घेण्याआधीच निकाल लागला होता.

आपल्या जिल्ह्याने आणखी एक अनुभव घेतला आहे. मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या प्रकरणी अटक झालेल्या मुस्लिम तरुणांपैकी बहुतेकांना सुमारे पाच वर्षे कारावासानंतर जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. सप्टेंबर २००८ मध्ये मालेगावातच पुन्हा स्फोट झाला. त्यातील सातही आरोपींना विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी, पुराव्याअभावी, निर्दोष मुक्त केले. दोन्ही खटल्यांतील आरोपी भिन्न, त्यांचे समर्थक भिन्न, घोषणाही भिन्न. परंतु ज्यांची माणसे स्फोटांत दगावली, त्यांच्या दारी उत्तर आले नाही, हे दोन्हीकडे सारखेच. तपास सचोटीचा व चोख नसेल, तर वर्षानुवर्षे खटला चालूनही शेवटी समाजाच्या हाती काहीच लागत नाही.

घटनाकारांची चिंता

या धोक्यांची जाणीव घटनाकारांना पुरेपूर होती. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये असे म्हटले आहे की, कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. मूळ मसुद्यात 'कायद्याची उचित प्रक्रिया' असा शब्दप्रयोग घ्यावा, असा अनेक सदस्यांचा आग्रह होता. अमेरिकेच्या संविधानात तो आहे. परंतु त्यामुळे विधिमंडळाने केलेले कायदे रद्द करण्याची अमर्याद सत्ता न्यायाधीशांच्या हाती जाईल, अशीही भीती होती. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा पेच मोकळेपणाने मांडला. विधिमंडळ बहुमताच्या जोरावर नागरिकांचे हक्क तुडवू शकते आणि मोजके न्यायाधीशही पूर्वग्रहांपासून मुक्त असतीलच असे नाही. अशा दोन्ही बाजूंच्या धोक्यांत निवड करणे सोपे नाही, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता.

'उचित प्रक्रिया' हे शब्द अखेर आले नाहीत. परंतु बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी एक नवा अनुच्छेद मांडला, तो आजचा अनुच्छेद २२ होय. अटक केलेल्या व्यक्तीस अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, हे तीन हक्क त्यातून नागरिकास मिळाले. प्रतिबंधक स्थानबद्धतेस मात्र त्यांतून वगळण्यात आले, आणि त्या अपवादाने पुढे बरेच वाद निर्माण केले.

नंतरचा प्रवास सरळ नव्हता. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, विधिमंडळाने रीतसर केलेला कायदा असला म्हणजे पुरे, तो न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचे कारण नाही. आणीबाणीच्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, स्थानबद्धांना न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही असा निर्णय झाला. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे ज्येष्ठता डावलली गेल्याने त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. आणीबाणी उठल्यावर, २५ जानेवारी १९७८ रोजी, मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने भूमिका बदलली. कार्यपद्धती केवळ कागदावर असून भागणार नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, असे ठरले. त्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अशी तरतूद झाली की, आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येणार नाही. घटनाकारांनी जे शब्द टाळले, त्यांचा अर्थ तीस वर्षांनी संविधानात परत आला.

त्यानंतर महाराष्ट्रातील प्रकरणांनीही या हक्काला आकार दिला. मुंबईतील पोलीस कोठड्यांत स्त्रियांना कशी वागणूक मिळते, याविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली अटकेतील स्त्रियांसाठी संरक्षक निर्देश दिले. अगदी अलीकडे, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने असे सांगितले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत. लगेच देणे शक्य नसल्यास तोंडी सांगावीत, परंतु दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी लेखी प्रत हाती पडली पाहिजे. मराठीखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या आपल्या गावाकडच्या माणसास हा निकाल किती मोलाचा आहे, हे निराळे सांगावयास नको.

खटल्यावाचून शिक्षा

तथापि निकालपत्रे आणि वास्तव यांत अंतर राहतेच. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे दर चारांमागे तीन, कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असा माणूस. कायद्याच्या दृष्टीने तो निरपराध असतो, आणि तरीही तो तुरुंगात असतो.

अशाच एका कच्च्या कैद्याची आठवण आपणां कॅथलिकांच्या मनात अद्याप ताजी आहे. झारखंडमधील आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेले येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना भीमा कोरेगाव–एल्गार परिषद प्रकरणी ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथून अटक झाली आणि नवी मुंबईजवळील तळोजा कारागृहात त्यांना ठेवण्यात आले. त्यांचे वय तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि त्यांना कंपवात होता. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला आणि त्यात आठवडे गेले. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी त्यांच्या जामीन अर्जाची सुनावणी होती. त्याच सुनावणीत, फादर स्वामी यांचे निधन झाल्याचे न्यायालयास कळविण्यात आले.

त्यांच्यावरील आरोप खरे होते की खोटे, हा निर्णय देण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि आमच्या संपूर्ण प्रतिपादनाचा रोखही तोच आहे. तो अधिकार न्यायालयाचा होता, आणि न्यायालयात खटला सुरू होण्याआधीच आरोपी मरण पावला. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यान्वये आरोप सकृद्दर्शनी खरे वाटत असल्यास न्यायालयास जामीन देता येत नाही, आणि खटला तर वर्षानुवर्षे उभाच राहत नाही. अशा वेळी प्रक्रियाच शिक्षा होऊन बसते. आम्ही हे ते धर्मगुरू होते म्हणून म्हणत नाही. सहा भटक्या मजुरांसाठी जो नियम, तोच धर्मगुरूसाठी, तोच साधूसाठी, तोच मालेगावच्या प्रत्येक आरोपीसाठी. केवळ आपल्या माणसासाठी मागितलेला न्याय हा न्याय नसतो, तो पक्षपात असतो.

आपल्या हाती काय आहे?

असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो योग्यच आहे. प्रथम हक्क जाणून घ्यावेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तक्रार नोंदविणाऱ्यास प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. अटकेची माहिती नातलगास किंवा मित्रास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करता येत नाही. साक्षीसाठी स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठ वर्षांवरील वृद्धांना पोलीस ठाण्यात बोलाविता येत नाही. त्यांच्या घरी जाऊनच विचारपूस करावी लागते. ही माहिती आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबांस आहे?

दुसरे असे की, वकील परवडत नाही म्हणून कोणीही हताश होऊ नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्ती, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्यास पात्र आहे. त्यासाठी तालुका पातळीवर विधी सेवा समित्या असतात. लासलगाव आणि परिसरातील बांधवांनी निफाडच्या न्यायालयात चौकशी करावी. १५१०० या क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. धर्मग्रामातील युवक-युवतींनी आणि महिला मंडळांनी एखादा रविवार या माहितीसाठी राखून ठेवला, आणि वस्तीवरच्या, पालांवरच्या शेजाऱ्यांनाही त्यास बोलाविले, तर ते मोठेच सेवाकार्य होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती आपल्या जिभेशी आणि बोटांशी निगडित आहे. एखादा भीषण गुन्हा घडतो, मोबाइलवर आरोपीचे छायाचित्र येते, आणि आपण क्षणाचाही विलंब न लावता ते पुढे पाठवितो. चौकात घोषणा होतात, चकमकीत मारा, घर पाडा, फासावर लटकवा. कोणाच्याही घरावर सूचनेवाचून आणि म्हणणे ऐकल्यावाचून बुलडोझर चालविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयास १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावावे लागले, ते याच मनोवृत्तीमुळे. हा संताप पीडितांविषयीच्या करुणेतून येतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु २००३ सालीही संताप खराच होता. माणसे मात्र चुकीची होती.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण उपासनेत ऐकत आलो आहोत. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली आणि लोकांनी त्या निरपराध स्त्रीस मृत्युदंड ठोठावला. तिला नेत असताना तरुण दानिएलने सर्वांना थांबविले. त्याने कोणताही चमत्कार केला नाही. त्याने दोन साक्षीदारांना वेगवेगळे केले आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारला, कोणत्या झाडाखाली? दोन उत्तरे निराळी आली आणि असत्य उघडे पडले. उलटतपासणीचे याहून जुने आणि सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दानिएल होण्यासाठी वकिलाची सनद लागत नाही. सगळे एका दिशेने धावत असताना थांबून एक प्रश्न विचारण्याचे धैर्य लागते. लासलगावच्या बाजारात शेतकरी कोणावरही डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही. काटा पाहतो, पट्टी वाचतो, फरक दिसला तर जाब विचारतो. गाडीभर कांद्यासाठी आपण जेवढे दक्ष असतो, तेवढे एका माणसाच्या जिवासाठी असावे, इतकीच आमची विनंती आहे.